पोर्टल हायपरटेन्शन: औषधोपचाराचा क्रम आणि त्यात हमखास होणाऱ्या चुका

“माझं बीपी तर नॉर्मल आहे, मग ही बीपीची गोळी कशाला?” असं म्हणून पोर्टल हायपरटेन्शनचा, म्हणजे यकृतात रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब वाढलेला रुग्ण एक दिवस कार्व्हेडिलॉल ही तो दाब उतरवणारी गोळी बंद करून टाकतो. या आजारातली ही नेहमीची चूक, आणि सगळ्यात महागात पडणारीही. बाकीच्या तिच्याच पंगतीतल्या. पोटात पाणी झालं म्हणून प्यायचं पाणी तोडायचं, ‘लिव्हरवर ताण नको’ म्हणून प्रथिनं बंद करायची, जुलाब होतात म्हणून लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषध थांबवायचं, कंबर दुखली की डायक्लोफेनॅक घ्यायची. वरवर पाहता यातली प्रत्येक गोष्ट शहाणपणाची वाटते, म्हणूनच ती सुटत नाही.

हा लेख रुग्णासाठी आहे आणि त्याची गोळ्यांची डबी भरणाऱ्या माणसासाठीही. औषधांचे डोस दिले आहेत ते चिठ्ठीवर काय लिहिलंय ते समजावं एवढ्यासाठी. डोस ठरवणं आणि बदलणं हे तपासणाऱ्या डॉक्टरांचंच काम.

## टप्पा १: हा दाब कुठला, ते आधी पक्कं करा

दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब वेगळा आणि हा वेगळा. आतडी आणि प्लीहा यांच्याकडून येणाऱ्या शिरा स्वादुपिंडाच्या मागे एकत्र येऊन पोर्टल शीर बनते आणि ती यकृतात शिरते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश रक्त या शिरेतून येतं. यकृतात चट्टे पडून ते कडक झालं, की हे रक्त पुढे सरकायला त्रास होतो आणि मागे दाब चढतो. तुंबलेलं पाणी बांध फोडून बाजूने वाट काढतं तसं हे रक्त अन्ननलिकेच्या आणि जठराच्या बारीक शिरांमधून वाट काढतं. त्या शिरा फुगतात. त्यांनाच व्हेरिसेस म्हणतात.

भरीस भर म्हणजे अशा अवस्थेत आतड्यांच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि पोर्टल शिरेकडे आणखी जास्त रक्त येऊ लागतं. अडथळाही वाढलेला आणि आवकही. औषधं प्रामुख्याने ही आवक कमी करतात, एवढं लक्षात राहिलं तर पाचवा टप्पा सोपा जाईल.

दंडावरचा रक्तदाब या रुग्णांमध्ये बरेचदा कमीच असतो. त्यामुळे ‘बीपी नॉर्मल’ असण्याचा पोर्टल दाबाशी काहीही संबंध जोडू नका.

## टप्पा २: अडथळा कुठे आहे?

उपचार सुरू होण्याआधी या प्रश्नाचं उत्तर फाइलमध्ये लिहिलेलं असायला हवं. अडथळा तीन ठिकाणी असू शकतो.

यकृताच्या आधी: पोर्टल शिरेत रक्ताची गुठळी. लहान मुलांमध्ये रक्ताची उलटी झाली आणि लिव्हरचे सगळे रिपोर्ट चांगले आले, तर हे कारण डोक्यात असावं लागतं.

यकृतात: सिरोसिस, म्हणजे चट्टे पडून यकृत कडक होणं. मोठ्या माणसांमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. त्यामागे दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, लठ्ठपणा व मधुमेहाबरोबर येणारं फॅटी लिव्हर, किंवा शरीराने स्वतःच्याच यकृतावर केलेला हल्ला यांपैकी काहीतरी असतं.

यकृताच्या पुढे: यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा बंद होणं, म्हणजे बड-कियारी सिंड्रोम, किंवा हृदयाची उजवी बाजू कमकुवत होणं, हृदयाचं आवरण आवळलं जाणं.

डॉपलर सोनोग्राफीत यातल्या बऱ्याच गोष्टी कळतात. कारण शोधण्यावर एवढा भर अशासाठी, की कारणावर उपचार झाला तर दाब खरोखर उतरू शकतो. दारू पूर्ण सोडली, हिपॅटायटिस सीचा विषाणू गोळ्यांनी निघून गेला, हिपॅटायटिस बी टेनोफोविर किंवा एन्टेकाविरने काबूत आला, तर काही रुग्णांमध्ये वर्ष-दोन वर्षांत चित्र पालटतं. ‘पूर्ण सोडली’ म्हणजे पूर्ण. सणासुदीला एक पेग हा हिशेब इथे चालत नाही.

सावधान: दाब कमी करायच्या गोळ्या चालू झाल्या, म्हणून कारणावरचा उपचार मागे पडू देऊ नका. हिपॅटायटिस बीची गोळी मधेच बंद केली तर विषाणू उसळतो आणि सावरत आलेलं यकृत आठवड्यांत कोसळू शकतं.

## टप्पा ३: भेटीला जाण्याआधी फाइल लावून घ्या

पोटविकार तज्ज्ञांसमोर रिपोर्टांचा गठ्ठा उलगडण्यात भेटीचा निम्मा वेळ जातो. त्यापेक्षा एका कागदावर हे उतरवून न्या:

१. बिलिरुबिन (कावीळ दाखवतं), अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम), सोडियम आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) यांचे शेवटचे तीन-चार आकडे, तारखांसह, एकाखाली एक. एकट्या आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेने चाललाय हे जास्त बोलतं.

२. सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) आणि एंडोस्कोपी (दुर्बिणीची तपासणी) कधी झाली आणि शेवटच्या ओळीत काय लिहिलं होतं. एंडोस्कोपीत शिरा बारीक होत्या की मोठ्या (५ मिमीच्या वर मोठ्या समजतात) आणि त्यांच्यावर लाल खुणा होत्या का, हे नेमकं लिहा. लाल खुणा म्हणजे शिरेची भिंत पातळ झाल्याची निशाणी.

३. चालू असलेली सगळी औषधं. ‘सगळी’ यात सांधेदुखीची गोळी, झोपेची गोळी, काढे, भस्मं, ताकदीची पावडर हे सारं आलं. लाजू नका, आणि बाटली सोबत न्या.

४. दमा, हृदयाचे ठोके मंद असणं किंवा हृदयाच्या विद्युतवहनातला अडथळा, मधुमेह, आधी कधी चक्कर येऊन पडणं. बीटा ब्लॉकर (कार्व्हेडिलॉल, प्रोप्रॅनोलॉल या गटातली गोळी) द्यायचं की नाही ते यावर ठरतं.

बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम या पाचांवरून चाइल्ड-प्यू गुण काढतात. ५-६ म्हणजे ए, ७ ते ९ बी, १० ते १५ सी. तुमचा वर्ग कुठला ते डॉक्टरांना विचारून फाइलच्या वरच लिहून ठेवा. रात्री-बेरात्री नव्या डॉक्टरसमोर जायची वेळ आली तर हे एक अक्षर फार उपयोगी पडतं.

## टप्पा ४: दाब किती, याचा अंदाज

खरं मोजमाप मानेतल्या शिरेतून यकृताच्या शिरेत बारीक नळी नेऊन करतात. त्याला एचव्हीपीजी म्हणतात. १ ते ५ मिमी पारा नॉर्मल. ५ च्या वर गेला की पोर्टल हायपरटेन्शन. १० किंवा जास्त असेल तर शिरा फुगणं, पोटात पाणी होणं असे परिणाम अपेक्षित धरायचे. १२ च्या पुढे शिरा फुटण्याचा धोका. ही तपासणी मोजक्या केंद्रांतच होते आणि प्रत्येकाला ती लागतही नाही.

व्यवहारात काम भागतं ते फायब्रोस्कॅन आणि प्लेटलेट या जोडीवर. यकृताचा कडकपणा २५ किलोपास्कल किंवा जास्त असेल, तर बहुतेक सिरोसिस रुग्णांमध्ये दाब १० च्या पुढे गेलाय असं धरतात. उलट १५ किंवा कमी, आणि प्लेटलेट दीड लाख किंवा जास्त, तर एवढा दाब नाही असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. २० च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखांच्या वर असतील तर धोकादायक शिरा असण्याची शक्यता इतकी कमी असते की एंडोस्कोपी पुढे ढकलता येते.

फायब्रोस्कॅनला जाताना किमान तीन तास पोट रिकामं ठेवा. जेवून गेलात तर आकडा खोटा वाढतो. कावीळ भरात असताना किंवा हिपॅटायटिसचा नवा झटका असतानाही तो फुगलेला येतो. हे आकडे पोर्टल शिरेतल्या गुठळीसारख्या बिनसिरोसिस प्रकारांना लागू नाहीत. तिथे यकृत मऊच असतं आणि शिरा तरीही मोठ्या असतात.

तपासा: प्लेटलेट कमी आल्या की प्लेटलेट वाढवण्याचे उपाय शोधत बसणारे अनेक भेटतात. इथे त्या कमी होतात त्या मुख्यतः फुगलेल्या प्लीहेत अडकून पडल्यामुळे. प्लेटलेटचा आकडा हा दाबाचा आरसा समजा. त्यावर वेगळा उपचार लागतो तो क्वचितच, आणि फक्त प्लेटलेटसाठी प्लीहा काढून टाकायची घाई तर मुळीच नको. त्यानंतर पोर्टल शिरेत गुठळी होण्याचं आणि गंभीर जंतुसंसर्गाचं भय राहतं.

## टप्पा ५: बीटा ब्लॉकर, म्हणजे ती ‘बीपीची गोळी’

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

प्रोप्रॅनोलॉल हृदयाचा जोर थोडा कमी करतं आणि आतड्यांच्या सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळतं. दोन्हींमुळे पोर्टल शिरेकडे येणारं रक्त घटतं. कार्व्हेडिलॉल हे करतंच, शिवाय यकृतातला अडथळाही थोडा सैल करतं. त्यामुळे दाब उतरवण्यात ते सरस ठरतं आणि सिरोसिसमध्ये आता बहुधा त्यालाच पहिली पसंती असते. पूर्वी ही गोळी फक्त शिरा मोठ्या झाल्या की द्यायचे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रेडेस्की अभ्यासानंतर दृष्टी बदलली. दाब १० च्या पुढे गेला असेल तर वेळेवर दिलेली ही गोळी पोटात पाणी होण्यासारखे पुढचे त्रासही लांबवते. म्हणजे शिरा फुटण्याची वाट बघायची नाही.

५.१ सुरुवात. कार्व्हेडिलॉल बहुधा दिवसाला ६.२५ मिग्रॅने, कधी त्याहून कमीने सुरू करतात आणि सोसलं तर दिवसाला १२.५ मिग्रॅपर्यंत नेतात. प्रोप्रॅनोलॉल २० ते ४० मिग्रॅ दिवसातून दोनदा, आणि नाडीकडे बघत वाढवत न्यायचं. कार्व्हेडिलॉल जेवणाबरोबर घ्या. रिकाम्या पोटी घेतलं तर उठताना भोवळ येण्याची शक्यता जास्त.

५.२ रोजची नोंद. सकाळी गोळी घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवा आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, ठोके मंद असताना चूक वाढते. मग रक्तदाब घ्या. दोन्ही आकडे वहीत. प्रोप्रॅनोलॉलवर नाडी ५५ ते ६० च्या आसपास आणण्याचं लक्ष्य असतं. कार्व्हेडिलॉलमध्ये नाडीपेक्षा रक्तदाबावर नजर ठेवतात.

५.३ थांबायचं कधी. वरचा रक्तदाब ९० च्या खाली जाऊ लागला, नाडी ५० च्या खाली आली, लघवी एकदम कमी झाली, क्रिएटिनिन वाढलं, सोडियम १२५ च्या खाली घसरलं किंवा जंतुसंसर्गाने रुग्ण खचला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. डोस कमी होईल किंवा काही दिवस गोळी थांबेल. तब्येत सावरली की ती पुन्हा सुरू करायची असते, आणि हा दुसरा भाग घरी विसरला जातो. ‘तेव्हा बंद केली होती ना’ म्हणून ती कायमची बंद राहते. पुढच्या भेटीत स्वतःहून विचारा.

सावधान: बरं वाटतंय म्हणून किंवा गोळ्या संपल्या म्हणून अचानक बंद करू नका. दाब पुन्हा चढतो आणि शिरा फुटू शकते. प्रवासाला निघताना आठवडाभराच्या जास्तीच्या गोळ्या बरोबर असू द्या.

सावधान: ‘बीटा ब्लॉकरच आहे’ म्हणून ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल देऊन चालत नाही. ती प्रामुख्याने हृदयावर काम करतात, आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळण्याचं काम त्यांना जमत नाही. दुसऱ्या आजारासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात आणि तिथे गोळी बदलली गेली, तर ही गोष्ट आवर्जून सांगा. दमा असेल तर या गटाच्या वाट्याला न जाता बँडिंगचा (पुढचा टप्पा) रस्ता धरतात.

## टप्पा ६: एंडोस्कोपी आणि बँडिंग

गोळी सोसत नाही किंवा देता येत नाही आणि शिरा मोठ्या आहेत, तर दुर्बिणीतून शिरेवर रबरी बँड चढवतात. शिरा बुजेपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी हे करावं लागतं. मग पुन्हा उगवल्या का ते बघायला तीन-सहा महिन्यांनी, पुढे सहा-बारा महिन्यांनी एंडोस्कोपी.

एकदा रक्तस्राव होऊन गेला असेल तर गोळी आणि बँडिंग दोन्ही लागतात. बँडिंग झालं म्हणून गोळी सोडणं ही इथली ठरलेली चूक. बँड त्या-त्या शिरेपुरता असतो, दाब जिथल्या तिथे.

बँड गळून पडतो तिथे छोटा व्रण राहतो आणि पहिल्या दोनेक आठवड्यांत त्यातून रक्त येऊ शकतं. त्या काळात मऊ खाणं, कडक-टोकदार काही नाही, आणि लांबचा प्रवास टाळलेला बरा. ॲसिडिटीची गोळी या दिवसांपुरती देतात. नंतर ती सवयीने वर्षानुवर्षं चालू राहते. सिरोसिसमध्ये ती विनाकारण घेतली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून ‘ही अजून हवी का?’ असं विचारत राहा.

जठराच्या वरच्या भागातल्या फुगलेल्या शिरांना बँड सहसा पुरत नाही. तिथे सायनोॲक्रिलेट नावाचा गोंद टोचून शीर बुजवतात.

## टप्पा ७: रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी शौच

शिरा फुटल्यावर उत्तम उपचार मिळूनही सहा आठवड्यांत दगावणाऱ्यांचं प्रमाण १५ ते २० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून हा टप्पा घरातल्या प्रत्येकाला आधीच माहीत हवा.

आधीच करून ठेवायचं: चोवीस तास एंडोस्कोपी होते असं जवळचं रुग्णालय कुठलं, ते फोन करून विचारून ठेवा. जवळचा दवाखाना आणि हे रुग्णालय एकच असेल असं नाही. रक्तगट फाइलवर लिहा.

घरी: रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवा म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडाने काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नको आणि त्या दिवशीची बीटा ब्लॉकरची गोळीही नको. रुग्णवाहिका बोलवा, फाइल उचला. ‘एकदाच झाली, थोडीशीच होती’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते हे खरं. पण ती चिकट, चकचकीत आणि विलक्षण दुर्गंधी असेल, सोबत चक्कर किंवा दरदरून घाम असेल, तर गोळ्यांवर ढकलू नका.

दारात पोचताच पहिलं वाक्य: “सिरोसिस आहे, व्हेरिसेस आहेत.” एवढ्याने पुढचा सगळा क्रम बदलतो.

रुग्णालयात साधारण असं होतं:

१. श्वास आणि रक्तदाब सांभाळणं, दोन जाड सुया लावणं.

२. पोर्टल दाब उतरवणारं औषध (टर्लिप्रेसिन, ऑक्ट्रिओटाइड किंवा सोमॅटोस्टॅटिन) एंडोस्कोपीची वाट न बघता लगेच. ते पुढे दोन ते पाच दिवस चालतं.

३. प्रतिजैविक, बहुधा सेफ्ट्रिॲक्सोन दिवसाला १ ग्रॅम. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग इथे हातात हात घालून येतात.

४. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं तर रक्त, आणि ते ७ ते ८ च्या दरम्यान ठेवणं.

५. रुग्ण स्थिरावला की १२ तासांच्या आत एंडोस्कोपी आणि बँडिंग.

६. रक्तामुळे गुंगी येऊ नये म्हणून पोट साफ करणारं लॅक्टुलोज.

नातेवाइकांची गडबड होते ती चौथ्या पायरीवर. हिमोग्लोबिन ८ दिसतं आणि ‘अजून दोन बाटल्या चढवा’ असा आग्रह सुरू होतो. रक्त गरजेपेक्षा जास्त भरलं की पोर्टल दाब वाढतो आणि नुकतीच थांबलेली शीर पुन्हा फुटू शकते. आयएनआर वाढलाय म्हणून प्लाझ्मा चढवण्याचा हट्टही तसाच. त्याने आयएनआरचा कागद सुधारतो, शिरेतला दाब मात्र वाढतो.

आजार खूप पुढे गेलेल्या काही रुग्णांना ७२ तासांच्या आत टिप्स केल्याने जीव वाचण्याची शक्यता वाढते. त्याबद्दल दहाव्या टप्प्यात. रक्त थांबतच नसेल तर अन्ननलिकेत फुगा फुगवून दाब देतात, पण तो जास्तीत जास्त २४ तास, पुढचा उपाय होईपर्यंतचा पूल म्हणून.

घरी सोडताना तपासा: बीटा ब्लॉकर कधीपासून, पुढचं बँडिंग कुठल्या तारखेला, प्रतिजैविक अजून किती दिवस. ही तीन उत्तरं डिस्चार्ज कार्डावर नसतील तर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.

## टप्पा ८: पोटातलं पाणी

८.१ पहिल्यांदा पाणी झालं की ते तपासायलाच हवं. सुईने थोडं पाणी काढून त्यातलं अल्ब्युमिन, एकूण प्रथिनं आणि पांढऱ्या पेशी मोजतात. रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातलं अल्ब्युमिन वजा केलं आणि फरक १.१ किंवा जास्त आला, तर पाणी पोर्टल दाबामुळे आहे असं धरतात. त्या पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या) पेशी २५० किंवा जास्त असतील तर पाण्यात जंतू झालेत. ताप किंवा पोटदुखी नसतानाही हे होऊ शकतं, म्हणून असा रुग्ण कुठल्याही कारणाने रुग्णालयात भरती झाला तरी पाणी तपासतात. प्लेटलेट कमी किंवा आयएनआर जास्त आहे म्हणून ही सुई घाबरून टाळायची नसते.

८.२ मीठ. दिवसाला एकूण साधारण ५ ग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम सोडियम. सपाट भरलेला एक छोटा चमचा. यात शिजवतानाचं, वरून घेतलेलं आणि पाकिटबंद पदार्थांतलं सगळं धरायचं. मीठ कुठल्याही रंगाचं असो, सोडियम तेच. आणि ‘लो सोडियम’ मीठ तर इथे सापळा आहे. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याच्या रक्तात ते धोकादायक पातळीवर चढू शकतं. उलट टोकाला जाऊन मीठ साफ तोडू नका. जेवण घशाखाली उतरत नाही आणि रुग्ण वाळतो.

८.३ प्यायचं पाणी. सोडियम १२५ च्या खाली गेल्याशिवाय पाणी तोडायची सहसा गरज नसते. पोटात पाणी साठतं ते मिठामागे.

८.४ लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. स्पायरोनोलॅक्टोन १०० मिग्रॅने सुरुवात, सोबत फ्युरोसेमाइड ४० मिग्रॅ, आणि दोन्ही याच प्रमाणात वाढवत जास्तीत जास्त ४०० आणि १६०. स्पायरोनोलॅक्टोनचा परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून डोस वाढवू नका. पुरुषांना छाती दुखरी होऊन सुजू शकते. सांगायला संकोच वाटतो, म्हणून गोळी गुपचूप बंद होते. सांगितलं तर पर्याय मिळतो.

८.५ वजन. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, तोच काटा, तेवढेच कपडे. पायावर सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलोच्या वर वजन उतरू नये. सूज असेल तर एक किलोपर्यंत चालतं. याहून वेगाने उतरलं तर पोट सपाट दिसेल आणि मूत्रपिंडं मार खातील. वजन झरझर उतरतंय याचा आनंद मानण्याआधी क्रिएटिनिन बघा.

८.६ गोळ्यांना दाद न देणारं पाणी. सुईने काढतात. एका वेळी ५ लिटरच्या वर काढलं तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यावं लागतं. ‘अल्ब्युमिन नको, नुसतं पाणी काढा’ असा आग्रह धरू नका. दोन दिवसांनी मूत्रपिंडं बंद पडण्याची पाळी त्यातूनच येते.

सावधान: पाणी झालेल्या रुग्णात ताप, पोटदुखी, अचानक गोंधळलेपणा किंवा लघवी घटणं, यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी रुग्णालय.

## टप्पा ९: गुंगी, विसर, उलटी झोप

आतड्यातला अमोनिया यकृताला वळसा घालून मेंदूपर्यंत पोचतो. सुरुवात अगदी बारीक असते. दिवसा झोप आणि रात्री टक्क जाग, सही वाकडी होणं, हिशेबात चुका, एरवी शांत माणसाची चिडचिड. दोन्ही हात पुढे करून, थांबा म्हणताना करतो तसे पंजे मनगटातून वर उचलून धरायला सांगा. हात फडफडल्यासारखे खाली पडत असतील तर डॉक्टरांना कळवा.

लॅक्टुलोज साधारण १५ ते ३० मिली दिवसातून दोन-तीनदा. मोजायच्या असतात त्या शौचाच्या वेळा, मिली नव्हे. दिवसाला दोन-तीन मऊ शौच व्हायला हव्यात. एकच झाली तर डोस वाढतो. पाच-सहा पातळ झाल्या तर डोस घटवायचा, औषध बंद करायचं नाही. जास्त जुलाबांनी शरीर कोरडं पडतं आणि गुंगी उलट वाढते. त्रास पुन्हा पुन्हा झाला तर रिफॅक्सिमिन हे आतड्यात काम करणारं प्रतिजैविक ५५० मिग्रॅ दोन वेळा जोडीला देतात.

गुंगी आली की आधी कारण शोधायचं: बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, आतून रक्तस्राव, लघवीच्या गोळ्यांचा अतिरेक, पोटॅशियम कमी होणं, झोपेची गोळी. यकृत एकाएकी बिघडलं असं मानण्याआधी ही यादी संपवा.

प्रथिनं मात्र तोडू नका. दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम लागतातच. स्नायू अमोनिया जिरवतात, आणि प्रथिनं तोडली की स्नायूच झिजतात. रात्रभराचा उपास इथे फार जाचतो, म्हणून झोपण्याआधी थोडं खाणं आणि उठल्यावर लवकर न्याहारी. गुंगीचा त्रास होऊन गेलेल्या माणसाने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय गाडी चालवू नये. घरात यावरून भांडणं होतात, पण इथे माघार घेऊ नका.

## टप्पा १०: टिप्स आणि प्रत्यारोपणाची वेळ

टिप्स म्हणजे मानेतल्या शिरेतून जाऊन यकृताच्या आत पोर्टल शीर आणि यकृतातून बाहेर पडणारी शीर यांच्यामध्ये जाळीची नळी बसवणं. दाब झटकन उतरतो. मात्र रक्त यकृत टाळून जातं, त्यामुळे गुंगीचा त्रास वाढू शकतो. हृदय कमकुवत असेल किंवा यकृत अगदीच थकलं असेल तर ती करता येत नाही. म्हणून आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतो.

पोटात पाणी, शिरेतून रक्तस्राव किंवा गुंगी यांतलं काहीही पहिल्यांदा घडलं किंवा मेल्ड गुण (रक्ताच्या तपासण्यांवरून काढलेला आजाराच्या गांभीर्याचा आकडा) १५ वर पोचले, की प्रत्यारोपण केंद्रात एकदा दाखवून यायचं. दाखवणं म्हणजे उद्याच शस्त्रक्रिया नव्हे. अंथरुणाला खिळल्यावर पोचणारे रुग्ण मात्र बरेचदा शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेले असतात.

## टप्पा ११: टाळायची औषधं आणि ठरलेल्या तपासण्या

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्या जातीच्या वेदनाशामकांना पूर्ण फाटा. त्यांनी मूत्रपिंडं बिघडतात, पाणी वाढतं, रक्तस्राव होतो. लोक मात्र पॅरासिटामॉलला घाबरतात आणि नेमकी हीच घेतात. दिवसाला एकूण २ ग्रॅमच्या आत पॅरासिटामॉल बहुतेक सिरोसिस रुग्णांना चालतं. सर्दीच्या गोळ्यांतही ते असतं, ते बेरजेत धरा.

पोटात पाणी असताना रामिप्रिल, टेल्मिसार्टन अशी रक्तदाबाची औषधं आणि जेंटामायसिन, अमिकासिन ही प्रतिजैविकं टाळतात. घटक न सांगणाऱ्या कुठल्याही पुडीला हात लावू नका, देणारा कितीही भरवशाचा असो.

सिरोसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, यकृताच्या कर्करोगाची गाठ लहान असतानाच सापडावी म्हणून. हिपॅटायटिस ए आणि बी, फ्लू आणि न्यूमोकोकस यांच्या लसी राहिल्या असतील तर घेऊन टाका. प्लीहा मोठी असेल तर पोटाला मार लागेल असे खेळ नकोत.

दात काढायचा असो, हर्निया असो की मोतीबिंदू, दुसऱ्या कुठल्याही शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी पोटविकार तज्ज्ञांना विचारा. पोर्टल दाब जास्त असताना पोटाच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव आवरणं कठीण जातं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना चाइल्ड-प्यूचं ते एक अक्षर आधी कळलं तर औषधं आणि वेळ दोन्ही ते वेगळी ठरवतात.